पाणी प्यालेलं प्लाय

पाय टाकला आणि जाईबाई जागीच थबकली. पायाखालचं प्लाय दबलं. दबलं तर दबलं, पाय उचलल्यावर ते टणकन वर यायला पाहिजे होतं. तसं आलं नाही. बसलेली म्हैस उठते तसं, हळूहळू, मन नसल्यासारखं वर आलं. तिनं पुन्हा पाय टाकला. पुन्हा तेच. परवा कोरडं असताना याच जागेवर चालली होती, तेव्हा टाचेखाली टप टप आवाज येत होता. आता थप थप येत होता.

सकाळीच ऊन तापायला लागलं होतं. बाळापूरच्या अलीकडच्या या खेड्यात गोवर्धनभाऊंच्या नव्या घराच्या चार भिंती उभ्या होत्या, आणि भिंतींवर जाईबाईच्या नवऱ्यानं, जानराव मिस्त्रीनं, सलाबचा ओला माल झेलायला सेंट्रिंग ठोकली होती. खाली बल्ल्यांचे टेकू, त्यावर आडवी लाकडं, त्यावर प्लाय. प्लायवर ओले पोते अंथरलेले. पोत्यांवर पाणी मारायचं काम जाईबाईचं. परवापासून सकाळ, दुपार, संध्याकाळ ती पाइप धरून उभी राहत होती.

तिनं एक पोतं उचलून बाजूला केलं आणि प्लायच्या कडेवर बोट फिरवलं. कडा फुगली होती. पोळी फुगावी तसे आतले पापुद्रे सुटले होते. तिनं नखानं उचकटलं तर एक पापुद्रा अलगद वर आला, ओला, आंबट वासाचा.

"अवो," तिनं खाली वाकून हाक मारली. "वर या जरा."

जानराव खाली सळया तोडून घेत होता. "काय वं?"

"हे प्लाय मऊ झालं."

"भिजवलं तं मऊ होनारच. कडक होईन का?"

खालचे मजूर हसले. कुंदन, जो जानरावसोबत वर्षानुवर्षं सेंट्रिंग ठोकत आला होता, तो सगळ्यात मोठ्यानं हसला. जाईबाईनं पदर तोंडावर ओढला आणि पुन्हा पाइप हातात घेतला. काय करणार? मिस्त्रीच्या बायकोनं मिस्त्रीला शिकवायचं म्हणजे साइटवर तमाशाच की.

आता जानरावचंही ऐकून घ्या. माणूस आडमुठा, पण कामाचा पक्का. त्याची सगळी हयात लाकडी फळ्यांवर गेली. वऱ्हाडच्या उन्हात फळ्या वाळतात, त्यांच्यात फटी पडतात, मग सलाब टाकला की सिमेंटचं पाणी फटीतून गळून जातं. म्हणून सलाबच्या आदल्या दिवशी फळ्या भिजवायच्या. भिजल्या की त्या फुगतात, एकमेकींना बिलगतात, थेंब गळत नाही. "फळी पानी पेली पायजे," असं तो प्रत्येक नव्या मजुराला सांगायचा. त्याचा एकही सलाब कधी गळला नव्हता, आणि ही गोष्ट पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होती.

पण गोवर्धनभाऊ अमरावतीला राजापेठेत साडूकडे जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात प्लाय शिरलं. साडूच्या घरचा सलाब खालून काचेसारखा गुळगुळीत होता, प्लास्टरचीसुद्धा गरज नाही. मग भाऊ स्वतःच अकोल्याला गेले आणि टेम्पोत शीटा भरून घेऊन आले. सलाबसाठीचं काळं चकचकीत प्लाय ते नव्हतं. कपाटं बनवतात ते साधं, लालसर होतं. दुकानदार म्हणाला, सगळं एकच असते. जानरावनं शीटवर मूठ आपटून पाहिली आणि म्हणाला, "लाकूड ते लाकूडच." झालं. जसं फळीला, तसं प्लायला.

त्यातही एक दिवस भिजवून सलाब पडला असता तर कदाचित निभावलं असतं. पण मिक्सर मशीन बिघडली, सलाब पुढं गेला. आता या उन्हात वाळून शीटा वाकतील म्हणून जानरावनं पाणी दुप्पट केलं. मारा पाणी, मारा पाणी. आणि मारणारी कोण? जाईबाई.

दुपारी सगळे भाकरी खायला निंबाखाली बसले तेव्हा ती एकटीच सेंट्रिंगखाली गेली. खाली अंधारा गारवा होता. एरवी तिला तो आवडायचा. आज तिनं वर पाहिलं. दोन आडव्या लाकडांच्या मध्ये प्रत्येक शीट थोडी थोडी खाली आलेली. अजून वर सळया नाहीत, गिट्टी नाही, सिमेंट नाही, नुसते ओले पोते, तरी पोट सुटलेलं. काही ठिकाणी काळे डाग पडले होते. तिनं विटांच्या थप्पीवर चढून, हात वर करून अंगठा दाबला. अंगठ्याचा ठसा उमटला आणि तसाच राहिला.

"काय पाहून राह्यली माय?" मागून सुगत आला. तिचा एकुलता एक. अंगानं बापासारखा दणकट, स्वभावानं बापाच्या उलटा, सगळं हसण्यावारी नेणारा.

"हे पाय. अंगठा रुतला माहा."

सुगतनं दाबून पाहिलं. त्याचं हसू जरासं कमी झालं. "ओलं हाय ना. मालाच्या आधी वाळन."

"कुठून वाळन? तुहे बाबा पानी बंद करतीन तवा ना."

"मी बोलतो."

तो बोलला. निंबाखाली, सगळ्यांसमोर बोलला, हेच चुकलं. जानराव भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होता. मग म्हणाला, "तुले कोनं सांगतलं? मायनं?" आणि जाईबाईकडे वळून, "आता तू मिस्त्री हो. मी पाइप धरतो. लुगडं दे तुहं."

कुंदन ठसका लागेपर्यंत हसला. गोवर्धनभाऊंची बायको मनकर्णा मजुरांसाठी ताक घेऊन आली होती, तीही गालात हसली. सुगतची बायको दीपमाला मात्र हसली नाही. तिनं सासूच्या ताटात गुपचूप ठेचा वाढला आणि हलकेच म्हणाली, "आई, खा तुमी."

जाईबाईनं भाकरी तशीच ठेवली. अपमानाचं काय, अपमान ती कैक गिळून बसली होती. पण अंगठ्याला अजून तो मऊपणा लागत होता.

"बल्ल्या तरी वाढवा," ती एवढंच म्हणाली.

"बल्ल्या तिकडं तेल्हाऱ्याच्या कामावर अडकल्या. हायेत तेवढ्या पुरे हायेत. फळीले पुरतात, याले नाई पुरनार?" जानराव उठला, हात धुतले. "जा. पोते वाळले असतीन."

ती उठली. पाइप धरला.  नवऱ्यानं सांगितलंय, मारायचं. याच्यावर, याच्याखाली माणसं जाणार आहेत, मारायचं नाही. अशी ती पाणी सोडून उभी होती आणि पाणी पोत्यांवरून प्लायमध्ये उतरत होतं. शेवटी तिनं पाइप भिंतीबाहेर धरला आणि बराच वेळ मातीवरच पाणी जाऊ दिलं. पण आता त्याचा काय उपयोग होता? जे प्यायचं ते प्लाय कधीच पिऊन बसलं होतं.

सलाबच्या दिवशी पहाटेच पोते काढून प्लायवर सळयांची जाळी बांधली, आणि अंगणात सकाळपासून गोवऱ्यांचा धूर. मनकर्णानं रोडगे भाजायला घातले होते. सलाब पडला की सगळ्यांना पंगत, हा आपल्याकडचा रिवाजच. गोवर्धनभाऊंनी नारळ फोडला, मिक्सरला कुंकू लावलं. मशीन घरघरायला लागली.

एकदा सलाब सुरू झाला की थांबवायचा नाही. अर्ध्यात थांबला तर सांधा राहतो, सांध्यातून गळतं, आणि लोक म्हणतात या घराचा सलाबच अर्धवट. म्हणून मजूर पाणीसुद्धा आळीपाळीनं पितात. हे जाईबाईला माहीत नव्हतं असं नाही.

"खाली पाचरीवर कोन?" कुंदननं विचारलं.

सलाब पडताना खाली एक माणूस लागतो. वजन आलं की बल्ल्यांखालच्या पाचरी सरकतात. हातोडी घेऊन त्या ठोकत फिरायचं. एरवी हे काम कुंदनचं.

"सुगत जाईन," जानराव म्हणाला. "त्यालेच मऊ लागलं ना प्लाय. कुंदन, तू व्हायब्रेटर धर."

जाईबाईनं तोंड उघडलं. जानरावनं तिच्याकडे असं पाहिलं की ते उघडंच राहिलं. सुगत हातोडी खांद्यावर टाकून, वाकून, आत गेला. जाता जाता आईकडे पाहून डोळा मिचकावला त्यानं. नालायक पोट्टा!

मग घमेले सुरू झाले. दीपमाला खाली मिक्सरजवळ माल भरून देत होती, शिडीवरून हातोहात घमेले वर येत होते, आणि वर बाया ते नेऊन ओतत होत्या. जाईबाई त्या बायांमध्ये. पहिलं घमेलं तिनं ओतलं आणि तिला वाटलं, हे आपण पोराच्या डोक्यावर ओतलं. दुसरं ओतलं, तेच. प्रत्येक घमेल्याला तेच. खालून सुगतच्या हातोडीचा आवाज यायचा, ठक ठक, तेवढ्यापुरता तिचा जीव थाऱ्यावर यायचा. आवाज थांबला की ती घमेलं डोक्यावर तसंच धरून उभी राहायची. मागची बाई धक्का द्यायची, "चाल ना वं, ऊन लागून राह्यलं."

कडेच्या बाजूनं सलाब नीट सरकत आला. तिथं शीटा भिंतीवर टेकल्या होत्या. मग मधल्या भागात माल पडायला लागला. कुंदननं व्हायब्रेटर फिरवून माल बसवला, जानरावनं पट्टी मारून सारखं केलं, दोरी लावून पाहिली. सगळं बरोबर. बाया दुसरीकडे वळल्या. थोड्या वेळानं जानराव परत दोरी लावायला आला आणि कपाळाला आठी घातली.

"इथं माल कमी पडला. आना दोन-चार."

आणले. ओतले. पट्टी मारली. सारखं झालं.

पाच-दहा घमेले इकडे तिकडे झाले असतील, जानराव पुन्हा ओरडला, "अरे, इथं पुन्हा खड्डा! कोनं कमी टाकला? आना."

जाईबाई घमेलं घेऊन त्याच जागेवर आली. वर सिमेंटचं पाणी साचून थारोळं झालं होतं. तिच्या डोळ्यांदेखत त्या थारोळ्याची कड हळूच बाहेर सरकली. खड्डा मोठा झाला. आणि तेव्हा तिला कळलं. माल कमी पडत नव्हता. खालचं प्लाय खाली जात होतं. ते जेवढं खाली जाई तेवढा हा माणूस माल टाकायला लावत होता, आणि माल पडे तेवढं ते आणखी खाली जात होतं.

"टाक ना," जानराव म्हणाला.

"अवो, खड्डा नाई हा. खालून बसून राह्यलं."

"जाई, टाक म्हनतो ना!"

"सुगत खाली हाय."

"मले मालूम हाय कोन कुठं हाय! गाव पाहून राह्यलं. टाक!"

तिनं घमेलं डोक्यावरून उतरवलं आणि भिंतीवर ठेवलं. ओतलं नाही. मग शिडीकडे चालायला लागली.  शिडीवरच्या माणसांना बाजूला सारत ती उतरली. मागून जानराव काय काय बोलत होता ते तिच्या कानात शिरलंच नाही.

ती वाकून आत गेली. आत टप टप गळत होतं. सगळीकडून. सिमेंटचं करडं पाणी तिच्या मानेवर, पाठीवर पडलं. अंधाराला डोळे सरावले आणि मधल्या भागातलं प्लाय दिसलं. गाभण गाईच्या पोटासारखं खाली लोंबलेलं. एका कडेनं शीटचे पापुद्रे उलगडले होते. आणि आवाज येत होता. मिक्सरच्या घरघरीत वर ऐकू येणार नाही असा बारीक आवाज, कर्र... कर्र... थोडं थांबून पुन्हा कर्र.

सुगत बरोबर त्याच पोटाखाली, गुडघ्यावर बसून एका बल्लीची पाचर ठोकत होता. घामानं आणि सिमेंटच्या पाण्यानं भिजलेला. त्याच्या तोंडावर आता हसू नव्हतं.

"माय! तू कायले आली? जा बाहीर!"

"चाल."

"हे बल्ली सुटली तं सगळं बसन. मी ठोकून राह्यलो ना."

"चाल म्हनते ना रे!"

"वर मानसं हायेत माय. बाबा काय म्हनतीन? अर्ध्यात सोडून पळाला म्हनतीन."

तिनं त्याचा शर्ट धरून ओढला. तो हलेना. एवढा दणकट पोरगा, तिच्यासारख्या काडीनं ओढून येणार आहे का? तिनं त्याला शिव्या दिल्या, तिला येत होत्या तेवढ्या सगळ्या. मग ती त्याच्या शेजारी, त्या गळणाऱ्या पोटाखाली, खाली बसली. फतकल मारून. शर्ट सोडला नाही.

"मंग मी बी इथंच," ती म्हणाली. दात वाजत होते तिचे, मे महिन्यात. "पडू दे दोघायच्या अंगावर."

वर गलका झाला. मिस्त्रीची बायको सलाबखाली जाऊन बसली, ही गोष्ट शिडीवरून मिक्सरपर्यंत गेली. दीपमालानं फावडं टाकलं आणि "आई! अवो!" करत धावत आली, कोणीतरी तिला दंडाला धरून मागं खेचलं. गोवर्धनभाऊ ओरडले, "मशीन कोनं बंद केली? अरे, सांधा पडन!" आणि जानराव शिडीवरून अक्षरशः उडी मारून खाली आला. त्याला बायकोला ओढून बाहेर काढायचं होतं. गावासमोर नाक कापलं होतं तिनं. वाकून आत शिरताना त्याचा हात वर उगारलेलाच होता.

त्यानं तिच्या दंडाला धरलं. "उठ! उठ म्हनतो! काय लाज..."

मिक्सर बंद झाली होती. कर्र, असा आवाज आला. आता स्पष्ट.

जानरावनं वर पाहिलं. त्याच्या डोक्याच्या एक हातावर ते पोट होतं. त्यानं दुसरा हात वर केला आणि प्लायला बोटं लावली. बोटं आत गेली. त्याच्या हाताला आयुष्यभर लाकूड माहीत होतं, आणि हे लाकूड नव्हतं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं ते त्याच्या बोटांभोवती मऊ पडलं. जाईबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिनं नवऱ्याला दारूत पाहिलं होतं, रागात पाहिलं होतं, बाप गेला तेव्हा रडताना पाहिलं होतं. घाबरलेला कधी पाहिला नव्हता. आज पाहिला, आणि तिची उरलीसुरली आशा संपली.

"सुगत," तो अगदी हळू म्हणाला, जोरानं बोललं तर पडेल असं. "हातोडी ठेव. ठोकू नोको. मायले घे आन् निंग."

"बाबा, बल्ली..."

"निंग!"

मग त्यानं वर तोंड करून असा आवाज टाकला की सगळं अंगण थिजलं. "वरचे सगळे भिंतीवर व्हा! मधात पाय देऊ नोका! कुंदन, व्हायब्रेटर फेक!"

सुगतनं आईला उचललंच. वाकून, बल्ल्यांना खांदे घासत, तिला ओढत बाहेर आणलं. उजेडात आल्यावर ती मागं वळली. "तुहे बाबा? बाबा कुठी हायेत?" जानराव अजून आतच होता. वरची पावलं भिंतीकडे सरकेपर्यंत तो त्या बल्लीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात आडव्या लाकडाला लावून. माणसाच्या पाठीनं का सलाब थांबतो? पण तो उभा होता खरा. "अवो, या ना!" ती किंचाळली. "या ना वो!"

वरून कुंदन ओरडला, "मिस्त्री, सगळे कडेले आले!"

जानराव निघाला. धावला नाही, रांगतच आला. तो दारातून बाहेर पडून दोन पावलं चालला असेल, तेवढ्यात आत कडकडून काहीतरी मोडलं आणि ओला माल जमिनीवर आपटल्याचा एकच दणका झाला. धूळ नाही, काही नाही. दारातून फक्त करडं पाणी आणि गिट्टी लोंढ्यासारखी बाहेर आली आणि जानरावच्या पायांशी थांबली. वर मधोमध सळयांची जाळी उघडी पडली होती, बाजेच्या सुटलेल्या दोरीसारखी लोंबत.

 रोडगे करपल्याचा वास आला. मनकर्णा तोंडावर हात ठेवून उभी होती. मग गोवर्धनभाऊ पुढे आले, चेहरा पांढराफटक. आधी त्यांनी आपल्या घराकडे पाहिलं, मग माणसांकडे. "कसं झालं मिस्तरी? कोनाची चूक हे?"

भिंतीवरून उतरलेला कुंदन धापा टाकत म्हणाला, "पानी लय झालं भाऊ. तीन दिवस पाइप जाईबाईच्याच हातात होता."

सगळ्यांचे डोळे जाईबाईकडे वळले. तिची नजर सुगतवर होती. तिला ऐकूच आलं नव्हतं.

जानराव मालानं माखलेल्या मातीत बसला होता. तो तसाच बसून म्हणाला, "पाइप तिच्या हातात होता. मार म्हननारा मी होतो." बोटांना चिकटलेला पापुद्रा त्यानं खरवडला. "तिनं सांगतलं होतं. दोनदा सांगतलं. मी हासलो." मग त्यानं गोवर्धनभाऊंकडे पाहिलं. "हे फळी नव्हती भाऊ. मले समजलं नाई. दुसरी सेंट्रिंग मी बांधून देईन. पन आज मले काई इचारू नोका."

 शीटा कोणी आणल्या होत्या हे भाऊंनाही आठवत असणारच. ते जाऊन निंबाला टेकून उभे राहिले.

दीपमाला मोकळी सुटून धावत आली. तिनं सुगतच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवला, रक्त कुठं आहे का पाहिलं. नव्हतं. मग ती रडायला लागली. सुगत हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ नीट होईनात.

"झालं माय," तो म्हणाला. "बाहीर आलो ना आपन. सोड आता शर्ट."

जाईबाईनं मान हलवली. तिला कळत होतं. पोरगा समोर उभा होता, धडधाकट, ऊन त्याच्या तोंडावर पडलं होतं. तिनं सोडायचं मनावर घेतलं. हाताकडे पाहिलं. शर्टाचा चोळामोळा मुठीत धरलेला, बोटं पांढरी पडलेली.

"सुटत नाई रे," ती म्हणाली. "दीपमाला, पाय वं. माहे बोटं उघडून नाई राह्यले."

दीपमाला डोळे पुसून खाली बसली. तिनं सासूचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एक एक बोट धरून उघडायला सुरुवात केली. जानराव उठून जवळ आला आणि तोही खाली बसला. एक बोट उघडलं की दुसरं पुन्हा मिटत होतं.